पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रक्ताचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला लोक 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात. खरं तर तो पिशवीच्या तोंडाचा. ऑपरेशन झालं की घरच्यांच्या हातात रक्ततपासणीच्या कागदांचा गठ्ठा येतो आणि पहिला प्रश्न असतो, 'आजार परत येईल का, हे यातून कळतं का?' इथली उत्तरं पेशंट, नातेवाईक, आशाताई आणि तालुक्याच्या गावी फॉलो-अप सांभाळणारे डॉक्टर या सगळ्यांसाठी आहेत.

रक्ताच्या एका तपासणीवरून पुढचं भविष्य कळतं का?

नाही. कोणत्या गटातल्या बायकांना धोका जास्त, एवढंच रक्ताचा आकडा सांगतो. तुमच्या आईचं पुढे काय होईल, हे तो सांगत नाही. समजा, एखादा आकडा वाढलेल्या गटात आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तरी त्याच गटातल्या कितीतरी जणी पुढे बऱ्या राहतात, आणि आकडा उत्तम असलेल्या काही जणींमध्ये आजार परततो.

ऑपरेशननंतरचे निर्णय मुख्यतः पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर होतात, म्हणजे काढलेली पिशवी आणि लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आलेल्या अहवालावर. रक्ताचे आकडे त्याला जोड देतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची प्रत नसेल तर रक्ताच्या कागदांआधी ती मिळवा.

मग पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं?

तीन गोष्टी सगळ्यात जड. लसिका ग्रंथींत कॅन्सर सापडला का? काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत तो पोचलाय का? पिशवीच्या बाजूच्या ऊतकांत, म्हणजे पॅरामेट्रियममध्ये, शिरलाय का? यातली एकही 'हो' असेल तर सहसा रेडिएशन आणि सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध सुचवतात.

तिन्ही 'नाही' असतील तर गाठीचा आकार, गर्भाशयमुखाच्या भिंतीत ती किती खोल गेली आणि रक्तवाहिन्या वा लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या का, हे एकत्र मोजतात. ही बेरीज ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर नुसतं रेडिएशन देतात. ही सेकाई, म्हणजे रेडिएशन, साधारण ऑपरेशननंतरच्या ६ ते ८ आठवड्यांत सुरू झालेली बरी. कपाशीची वेचणी किंवा घरातलं लग्न उरकून जाऊ म्हणता म्हणता हीच मुदत निघून जाते.

ऑपरेशन मुळात लहान गाठीसाठीच, साधारण ४ सेंटीमीटरपर्यंत. मोठ्या किंवा पसरलेल्या गाठीला रेडिएशन आणि केमो हाच मुख्य उपचार. तुमच्या पेशंटचं ऑपरेशन न करता थेट सेक दिले असतील, तर त्यात उपचार कमी पडले असं समजू नका.

एससीसी अँटिजेन म्हणजे काय? तीच सगळ्यात महत्त्वाची तपासणी का?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार स्क्वॅमस पेशींचा. एससीसी अँटिजेन हे त्या पेशींतलं प्रथिन. त्याचं पहिलं वर्णन १९७७ साली झालं. या प्रकारासाठी आजवर सगळ्यात जास्त अभ्यासलेला रक्तातला निर्देशक हाच.

अनेक लॅबमध्ये १.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आतला आकडा सामान्य धरतात, पण काही किटची मर्यादा त्याहून वर असते. म्हणून रिपोर्टवर छापलेली मर्यादाच धरा, शेजारणीच्या रिपोर्टवरची नको. ऑपरेशनआधी हा आकडा वाढलेला असेल तर लसिका ग्रंथींत आजार असण्याची आणि पुढे परतण्याची शक्यता तुलनेने जास्त असते. मात्र लहान गाठीत बऱ्याच जणींचा आकडा सामान्यच येतो. 'एससीसी नॉर्मल आहे, म्हणजे कॅन्सर नाही' हा अर्थ त्यातून निघत नाही. कॅन्सर आहे की नाही, हे बायोप्सीच ठरवते.

ही तपासणी कधी करायची?

पहिला नमुना ऑपरेशनच्या आधी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आधीचा आकडाच नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? वर्षभराने २.१ आला तर तो वाढलाय की उतरलाय, कोणालाच सांगता येत नाही.

हे प्रथिन रक्तातून लवकर जातं, काही तासांत निम्मं होतं. गाठ पूर्ण निघाली असेल तर वाढलेला आकडा साधारण आठवडाभरात सामान्य पातळीवर यायला हवा. तरी दुसरा नमुना ४ ते ६ आठवड्यांनी, पहिल्या फॉलो-अपच्या वेळी घेणं सोयीचं. तोवर जखम भरते आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्टही हातात असतो.

त्यानंतर दर फॉलो-अपला करायची का, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. आधी आकडा वाढलेला होता आणि ऑपरेशननंतर उतरला, अशा पेशंटमध्ये ती कामाची ठरते, कारण आजार परतताना आकडा कधी कधी लक्षणांच्या काही महिने आधी चढतो. आधीपासूनच आकडा सामान्य होता, तर दर तीन महिन्यांनी पैसे घालवून फारसं हाती लागत नाही. ते पैसे प्रत्यक्ष तपासणीसाठी जायला-यायला ठेवा.

ऑपरेशननंतर आकडा वाढला. आजार परत आला का?

लगेच तसं समजू नका, पण दुर्लक्षही करू नका. कॅन्सरशिवायही हा आकडा वाढायची बरीच कारणं आहेत.

सोरायसिस, मोठा एक्झिमा किंवा अंगभर फोड येणारे त्वचारोग हे पहिलं कारण, कारण हे प्रथिन साध्या कातडीतही असतं. दुसरं कारण मूत्रपिंडाचं. किडनी नीट काम करत नसेल तर हे प्रथिन साचतं. तिसरं कारण लॅबमधलं. घाम, थुंकी आणि कातडीचे कण यांत हे प्रथिन भरपूर असतं. उघड्या नळीजवळ कोणी शिंकलं किंवा हातमोजे न घालता नमुना हाताळला, तरी खोटा मोठा आकडा येऊ शकतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर अशा तपासण्या चुकतात. नमुना देण्यापूर्वी हे सांगा आणि गोळी किती दिवस थांबवायची ते लॅबला विचारा.

म्हणून क्रम असा ठेवा. २ ते ६ आठवड्यांत त्याच लॅबमध्ये तपासणी पुन्हा करा आणि त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारा आकडा) बघा. दुसऱ्यांदा आकडा तेवढाच किंवा वाढलेला आला, तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आतून तपासणी, मग गरजेप्रमाणे एमआरआय, सीटी किंवा पेट सीटी, आणि कुठे संशयाचा भाग दिसला तर तिथली बायोप्सी. नुसत्या रक्ताच्या आकड्यावर केमो सुरू करत नाहीत.

क्रिएटिनिनकडे विशेष लक्ष द्या. ओटीपोटात आजार परतला तर तो मूत्रवाहिनी दाबतो, किडनीला सूज येते आणि क्रिएटिनिन चढतं. म्हणजे किडनी बिघडल्यामुळे एससीसी वाढलेला असू शकतो, आणि किडनी बिघडण्याचं मूळ परतलेला आजार असू शकतो. 'किडनीमुळे वाढलाय' एवढ्यावर समाधान न मानता पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

आमच्या रिपोर्टवर अ‍ॅडिनोकार्सिनोमा लिहिलंय. मग?

हा ग्रंथींच्या पेशींतून होणारा वेगळा प्रकार. त्यात एससीसी अँटिजेनचा उपयोग कमी. तिथे सीए-१२५, सीईए आणि कधी सीए १९-९ हे रक्तातले दुसरे निर्देशक बघतात. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५ युनिट. पण पोटाचं ऑपरेशनच काही आठवडे सीए-१२५ वाढवून ठेवतं, त्यामुळे टाके काढायच्या दिवशी तो करून घाबरून जाऊ नका. पोटाचा क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस आणि मासिक पाळी यांतही तो वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए थोडा जास्त असतो.

साध्या सीबीसीवरून एनएलआर काढतात, तो कसा?

यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. त्यातले न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागा. पांढऱ्या पेशी ८,०००, त्यात न्यूट्रोफिल ७० टक्के आणि लिम्फोसाइट २० टक्के, तर ५,६०० भागिले १,६००, म्हणजे एनएलआर ३.५.

याच रिपोर्टवरून बाकीचेही निघतात. प्लेटलेट ३,२०,००० असतील तर ते भागिले १,६००, म्हणजे पीएलआर २००. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ३.६ असेल तर त्याला १० ने गुणून ३६, त्यात लिम्फोसाइटच्या संख्येला ०.००५ ने गुणून आलेले ८ मिळवा. झाला ४४. याला पोषण निर्देशांक किंवा पीएनआय म्हणतात.

यामागचा विचार असा: अंगात दाह जास्त असेल तर न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट वाढतात आणि गाठीला साथ देतात. कॅन्सरशी लढणारे लिम्फोसाइट मात्र कमी होतात. ऑपरेशनआधी एनएलआर जास्त आणि पीएनआय कमी असलेल्या गटात निकाल तुलनेने वाईट आल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण 'जास्त' म्हणजे किती, हे प्रत्येक अभ्यासात वेगळं, एनएलआरसाठी कुठे २ च्या आसपास तर कुठे ३ च्याही पुढे. सर्वमान्य रेषा नाही. त्यामुळे ३.५ आला म्हणून कोणी उपचार बदलत नाही, आणि बदलूही नये.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी एनएलआर ९ आला. फार वाईट का?

नाही. ऑपरेशनचा ताणच न्यूट्रोफिल चढवतो आणि लिम्फोसाइट उतरवतो. या दिवसांत ताप, टाक्यांतून पू किंवा लघवीची जळजळ आहे का, हे बघायचं असतं. आजार परतण्याशी त्या आकड्याचा संबंध लावू नका.

पुढेही हा आकडा फसवतो. सिस्प्लॅटिनआधी उलटी थांबवायला दिलेलं डेक्सामेथासोन न्यूट्रोफिल वाढवतं. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं तर त्यासाठीच असतात. ओटीपोटावर सेक दिल्यावर लिम्फोसाइट कित्येक महिने कमी राहतात. म्हणून एनएलआरचा अर्थ लावायचा तर तो उपचारांआधीच्या, ताप-जंतुसंसर्ग नसतानाच्या सीबीसीवरूनच. हे गणित नंतर दर महिन्याला मांडत बसलात तर हाती काळजीच येईल.

रक्त कमी आहे. त्याचाही या आकड्यांवर परिणाम होतो का?

होतो, आणि आपल्या भागात हे फार दिसतं. कित्येक जणी महिनोन्‌महिने अंगावरून जाणं सहन करून मग दवाखाना गाठतात. रक्तस्रावाने शरीरातलं लोह संपतं, आणि लोह संपलं की प्लेटलेट आपोआप वाढतात. मग पीएलआर फुगतो. गाठ जास्त आक्रमक आहे असा अर्थ त्यातून काढता येत नाही, त्यामागे लोहाची कमतरताही असू शकते. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, बघितली की उलगडा होतो.

हिमोग्लोबिन मात्र स्वतःच महत्त्वाचं. सेकाई चालू असताना ते साधारण १० च्या वर ठेवायचा प्रयत्न करतात. ऑपरेशननंतर रेडिएशन ठरलं असेल तर मधले आठवडे लोह भरून काढायला वापरा. ७-८ हिमोग्लोबिन घेऊन सेकाईच्या पहिल्या दिवशी पोचलं की सुरुवातच लांबते.

सिकल सेल असेल तर?

सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्राणी-अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत, भिल्ल आणि पावरा समाजात सिकल सेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बरंच आढळतं. म्हणून हा प्रश्न इथे वेगळा घेतलाय.

सिकल सेलचा आजार असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मुळातच जास्त असतात. काही यंत्रं केंद्रक असलेल्या लाल पेशींनाही पांढऱ्या पेशी समजून मोजतात. त्यामुळे एनएलआर, पीएलआर हे सगळे तिच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी. लॅबला काचपट्टी हाताने तपासायला सांगा.

तपासणी झालेली नसेल तर रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. दुसऱ्याचं रक्त चढल्यावर तीन-चार महिने सिकलची तपासणी चुकू शकते. वारंवार रक्त चढलेल्या पेशंटला फेरिटिन न बघता लोहाच्या गोळ्या देऊ नका, लोह आधीच साचलेलं असू शकतं. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलबद्दल ऑपरेशनआधीच सांगा. पाणी कमी पडणं, थंडी आणि प्राणवायू कमी होणं या तिन्हींनी वेदनेचा झटका येतो. फक्त वाहक असलेल्या बाईचं सीबीसी मात्र साधारण इतरांसारखंच असतं.

नमुना गावातून लॅबपर्यंत नेताना काय बिघडतं?

पुष्कळ काही. सीबीसीची जांभळ्या झाकणाची नळी भरल्याबरोबर ८-१० वेळा हळूच उलटसुलट करा, जोरात हलवू नका. गुठळी झाली तर प्लेटलेट खोटे कमी येतात. तपासणी शक्यतो त्याच दिवशी व्हावी, उशीर झाला की पेशी मोजण्यात गडबड होते.

एससीसीसाठी साधी किंवा जेलची नळी लागते. रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं करायचं आणि २ ते ८ अंशांत ठेवायचं. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. एसटीच्या टपावर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली नळी कामाची राहत नाही. आइसबॉक्स वापरा, पण नळी बर्फाला चिकटू देऊ नका, रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटतात. मध्ये कापड किंवा कागदाचा थर ठेवा.

उन्हाळ्यात पेशंट पाणी कमी पिऊन आली असेल तर रक्त आटून हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन खोटे चांगले दिसतात आणि क्रिएटिनिन चढतं. या तपासण्यांना उपाशी राहायची गरज नाही. पाणी प्या, भाकरी खाऊन या.

दर वेळी वेगळ्या लॅबमध्ये केलं तर चालेल का?

एससीसी किंवा सीए-१२५ साठी नाही. यंत्र आणि किट बदलला की आकडा बदलतो. एका लॅबचा १.४ आणि दुसरीचा २.० हा फरक नुसत्या पद्धतीचाही असू शकतो. लॅब बदलावीच लागली तर एकदा त्याच दिवशी दोन्हीकडे नमुना द्या आणि नवी सुरुवात तिथून धरा. रिपोर्टवर तारीख, लॅब आणि पद्धत लिहिलेली आहे का, ते बघा.

डी-डायमर, फायब्रिनोजेन हेही करायचे का?

या रक्त गोठण्याशी संबंधित तपासण्या. आजार परतेल का हे बघायला नको. ऑपरेशननंतर ते तसेही वाढतात. एक पाय सुजला, पोटरी दुखली तर नसेत गुठळी आहे का हे बघायला त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करा.

रक्तातला एचपीव्ही डीएनए म्हणजे काय?

गर्भाशयमुखाचे जवळपास सगळे कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतात, त्यातही १६ आणि १८ हे प्रकार आघाडीवर. गाठीतून सुटलेले या विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात सापडतात. उपचारानंतरही ते उरले तर आजार उरल्याची शंका घेता येते. यावर काम जोरात चालू आहे आणि पुढे ही तपासणी एससीसीपेक्षा नेमकी ठरेल अशी आशा वाटते. आज मात्र ती नेहमीच्या फॉलो-अपचा भाग नाही. कोणी मोठी रक्कम सांगून आग्रह करत असेल तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

खाण्याने हे आकडे सुधारतात का?

हिमोग्लोबिन आणि काही अंशी अल्ब्युमिन सुधारतात. एससीसी कोणत्याही काढ्याने, बिटाने किंवा डाळिंबाने उतरत नाही. अल्ब्युमिन रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्मं बदलतं, म्हणून चार दिवस अंडी खाऊन फरक दिसणार नाही, सातत्य लागतं. शिवाय दाह असेल तर चांगलं खाऊनही ते कमी राहतं. आपल्याकडची कळण्याची भाकरी इथे खरंच कामाची, कारण ज्वारीसोबत उडीद असल्याने प्रथिनं चांगली मिळतात. जोडीला डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर केळी किती खायची ते डॉक्टरांना विचारा, त्यात पोटॅशियम असतं.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन संलग्न रुग्णालयांत मोफत होतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणती रक्ततपासणी उपचारात धरली आहे आणि कोणती बाहेर करावी लागेल, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. मुंबईला जावं लागत असेल तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

'रिपोर्ट चांगला शे, मंग आते कशाले जानं?' असं आई म्हणते. काय सांगू?

आईला सांगा की रक्त चांगलं असूनही आजार परतू शकतो, आणि तो आतून तपासल्यावरच लवकर सापडतो. परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो. म्हणून पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर ६ ते १२ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा जायचं. दर वेळी योनीमार्गातून आणि गुदद्वारातून तपासणी करायलाच हवी. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर मागा, तो तुमचा हक्क आहे. नुसता कागद बघून परत पाठवलं तर 'तपासून घ्या' असं स्पष्ट म्हणा.

फक्त ऑपरेशन झालेलं असेल आणि आजार योनीच्या वरच्या टोकाशी लहान असतानाच सापडला, तर रेडिएशनने तो बरा होण्याची चांगली संधी असते. जायचं ते यासाठी.

तारखेची वाट न पाहता कधी निघायचं?

अंगावरून रक्त किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, संबंधानंतर रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरलं, खोकला हटत नसेल किंवा मानेत डाव्या बाजूला गाठ लागली तर. एकच पाय सुजणं, कंबरेतून मांडीत उतरणारं दुखणं आणि सोनोग्राफीत त्याच बाजूच्या किडनीला सूज, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा, मग परवाचा एससीसी कितीही आलेला असो. जाताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, सेकाईचा कागद आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा, ऑपरेशनआधीचा सगळ्यात वर.